रोममध्ये जुनं एचिंग घेताय? आधी फ्रेम उघडायला लावा

रोमला जाणारी आपली बरीच मंडळी जुन्या चर्चची, शहराच्या दृश्यांची एचिंग, म्हणजे तांब्याच्या प्लेटवर आम्लाने रेघा कोरून कागदावर छापलेली चित्रं, घेऊन येतात. पैसे मोजण्याआधी हे वाचा. आमचे दोन हजार युरो असेच गेले.

आम्हाला अठराव्या शतकातला इटालियन चित्रकार जिओव्हान्नी बात्तिस्ता पिरानेझी याचं एकच चित्र हवं होतं: रोमच्या तटाबाहेरच्या सेंट पॉल बॅसिलिकाचं आतलं दृश्य. हे चर्च 1823 च्या जुलैत आगीत जळालं. आज दिसतं ते नंतर पुन्हा बांधलेलं. पिरानेझीने त्याआधी सत्तरेक वर्षं, 1749 च्या सुमारास, खांबांच्या लांबच लांब रांगा आणि वरच्या उघड्या लाकडी कैच्या तांब्याच्या प्लेटवर उतरवल्या होत्या. माझा नवरा आर्किटेक्ट. कॉलेजात असल्यापासून त्याचा या चित्रावर जीव.

दुकान चांगलं, जुन्या नकाशांनी भरलेलं. प्रिंट फ्रेममध्ये, मागून तपकिरी कागद डकवून बंद केलेली. माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, थेट चित्राच्या कडेपर्यंत आणलेला, त्यामुळे प्लेटचा दाब उमटलेली कड आणि बाहेरचा समास, दोन्ही झाकलेलं. ‘पिरानेझीच्या हयातीत, त्याच्याच छापखान्यात काढलेली आहे,’ असं मालकाने तोंडी सांगितलं. त्याच्या वेळच्या अनेक प्रिंटच्या तळाशी स्त्रादा फेलिचेवरच्या त्याच्या घराचा पत्ता आणि अडीच पाओली (तेव्हाचं रोममधलं नाणं) ही किंमत असते. ती ओळ इथे का नाही, असं नवऱ्याने विचारलं. उत्तर मिळालं, ‘ती फक्त प्रवाशांना विकायच्या स्वस्त प्रतींवर असायची.’ हे धादांत खोटं होतं. सर्टिफिकेटवर लिहिलं होतं: पिरानेझी, चित्राचं नाव, 1749.

खरी मेख त्या 1749 मध्येच होती. ते साल प्लेट कोरल्याचं. पिरानेझी 1778 मध्ये गेला, पण प्लेटा राहिल्या. मुलांनी त्या पॅरिसला नेल्या. पुढे 1835 ते 1839 मध्ये फर्मां-दिदो या प्रकाशकाने त्यांवरून मोठी आवृत्ती काढली. मग पोपच्या सरकारने प्लेटा विकत घेऊन रोमच्या कलकोग्राफियात, म्हणजे प्लेटा जपणाऱ्या सरकारी छापखान्यात, आणल्या आणि तिथे विसाव्या शतकातही त्यांवरून प्रिंट निघत राहिल्या. म्हणजे प्लेट अस्सल, रेघ पिरानेझीची, आणि तरी प्रिंट त्याच्या मृत्यूनंतर साठ किंवा दीडशे वर्षांनी काढलेली असू शकते. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो तो इथे.

मिलानला परतल्यावर कागदाचं संवर्धन करणाऱ्या बाईंकडे फ्रेम उघडली. कागद जाड, गुळगुळीत. उजेडासमोर धरला तर एकही रेघ नाही. पिरानेझीच्या काळचा रोमचा कागद तारांच्या जाळीवर हाताने उचललेला असे, त्यात समांतर रेघा हमखास दिसतात आणि बहुधा वॉटरमार्कही. छताच्या कैच्यांमधल्या बारीक रेघा झिजून नुसता राखाडी पट्टा उरला होता. मग त्यांनी वरचा उजवा कोपरा दिव्यासमोर धरला. नखाएवढ्या जागेत कागद पातळ होऊन दुधाळ दिसत होता, आणि भिंगातून तिथले धागे उभे राहिलेले. पॅरिसच्या आवृत्तीसाठी प्लेटवर क्रमांक कोरले होते. या प्रिंटच्या कोपऱ्यात उमटलेला तो क्रमांक कुणीतरी ब्लेडने खरवडून काढला होता. हे पाहून मी अक्षरशः थरथरले. इतकी जुनी वस्तू, आणि तिची ओळख पुसायला तिलाच जखम केली.

दुकानदाराला फोटो पाठवले. ‘सर्टिफिकेटवर 1749 आहे आणि प्लेट 1749 चीच आहे’, एवढंच उत्तर आलं. खरवडलेल्या कोपऱ्याबद्दल अवाक्षर नाही. पैसे परत दिले नाहीत. तक्रार केली आहे, पण तोंडी सांगितलेल्याचा पुरावा आमच्याकडे नाही.

तेव्हा प्लेट कधीची याबरोबर प्रिंट कधी काढली, कोणत्या आवृत्तीची, हे बिलावर लिहून घ्या. लिहायला कां-कूं केली तर तिथून निघा. प्रिंट फ्रेमबाहेर काढून उजेडासमोर धरायला सांगा. चारही कोपरे बघा, समास कापलेला असेल तर कारण विचारा. कलकोग्राफियाच्या अलीकडच्या प्रिंटवर उठावाचा कोरडा शिक्का असतो आणि तो समासासकट छाटला जातो. भिंगातून ठिपक्यांची जाळी दिसली तर ते एचिंगच नाही, छापील फोटो आहे. नंतरची प्रिंट घेण्यात काही वावगं नाही. ती नंतरची म्हणून, त्या किमतीत मिळाली असती तर आम्हीही आनंदाने घेतली असती.