काट्याचा मीटर की आकड्यांचा?

मित्राच्या हाती मीटर, म्हणजे उजेड मोजणारं यंत्र, नसलेला जुना फिल्म कॅमेरा आलाय. वेगळा मीटर घ्यावा लागणार. आता घोळ असा: सेकोनिक कंपनीचा काट्याचा एल-३९८ए घ्यावा की आकड्यांचा एल-३०८एक्स?

३९८ला बॅटरी लागतच नाही. उजेड पडला की काटा हलतो. ३०८ला एक डबल-ए सेल लागतो, तो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. हा मुद्दा मी फारसा धरत नाही.

खरी गंमत कमी उजेडात. आयएसओ १०० (फिल्मची उजेड टिपण्याची क्षमता) ला ३९८ ईव्ही ४ पर्यंत (ईव्ही म्हणजे उजेडाचं माप, आकडा लहान तितका उजेड कमी) उतरतो, ३०८ थेट शून्यापर्यंत, म्हणजे १६ पट मंद उजेडात. दिवेलागणीनंतर घरात ३९८चा काटा जेमतेम हलतो. फ्लॅशही ३०८च मोजतो.

पण ३९८ची तबकडी फिरवली की शटर आणि अ‍ॅपर्चरच्या (म्हणजे उजेड किती वेळ आणि केवढ्या भोकातून आत येतो याच्या) सगळ्या जोड्या एकदम समोर! शिकणाऱ्याला याहून चांगला मास्तर नाही. काटा मात्र नाजूक, मीटर हातातून निसटला तर संपलंच. ‘ए’च्या आधीचा जुना ३९८ स्वस्तात मिळाला तर आधी डिजिटल कॅमेऱ्याशी ताडून बघा. त्यातला सेलेनियम, म्हणजे उजेडापासून वीज बनवणारा पदार्थ, बऱ्याचदा थकलेला असतो.

उन्हात भटकायचं, निवांत शिकायचं तर ३९८. लग्नघरं, स्टुडिओ, संध्याकाळ असेल तर ३०८. मित्र रात्रीच्या गल्ल्या टिपतो, त्याला मी ३०८च सांगितला.