घोडा ‘शांत करून देतो’ म्हणणाऱ्यापासून सावध

“महिन्याभरात घोडी बुजायची थांबेल, निम्मे पैसे आगाऊ द्या,” असं सांगणारा कुणी भेटला तर आधी हे वाचा. अलिबाग ते रेवदंडा पट्ट्यात पाहुण्यांना सुरूच्या बनातून, किनाऱ्यावरून घोड्यावर फिरवणारे आम्ही बरेच जण आहोत. अशांनाच हा माणूस गाठतो. माझ्याकडून त्याने 25,000 रुपये घेतले.

माझी घोडी गुणी. फक्त होडीवर झाकलेलं निळं प्लॅस्टिक फडफडलं, झावळी पडली की बाजूला उडी मारायची. त्याने तिला शिकवायला नेलं आणि तिथून व्हिडिओ पाठवले: पायाखाली प्लॅस्टिक, डोक्यावर उघडी छत्री, घोडी ढिम्म. परत आणली तेव्हाही तशीच. माझ्या पुतणीला वर बसवून फेरी मारून दाखवली, उरलेले पैसे घेतले आणि गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी खोगीर उचललं तर घोडी भिंतीवर जाऊन आदळली. आता तर माणसाचा हात वर गेला तरी थरथरते.

डॉक्टरांनी तेच व्हिडिओ पाहिले. खालचा ओठ लोंबलेला, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, मान खाली, मागचे पाय ढिले. मुख्य म्हणजे कान. शांत घोड्याचेही कान आवाजाकडे वळत राहतात, हिचे हलतच नव्हते. गुंगीचं औषध दिलेलं असणार, असं ते म्हणाले. असेप्रोमाझीनसारख्या औषधाचा अंमल काही तासांत ओसरतो. गुंगीतला घोडा अडखळतो, मध्येच दचकून लाथही झाडतो. आणि वर आमची पोर होती! त्या माणसाला मी माफ करणार नाही.

खरं शिकवणं दिसायला कंटाळवाणं असतं. प्लॅस्टिक घोड्याला दिसेल, पण पळावंसं वाटणार नाही इतक्या लांब धरायचं. मान सैल सोडून तो तोंड चघळू लागला की लगेच मागे घ्यायचं. उद्या थोडं जवळ. मग दुसऱ्या बाजूने तेच, कारण डावीकडून सवय झालेला घोडा उजवीकडून बुजू शकतो. वाटेवर आधी दोर धरून पायी न्यायचा, मग जुन्या निवांत घोड्याच्या मागून, शेवटी एकटा. भित्र्या जनावराला याला महिनेही लागतात. तारीख आधीच सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

न कळवता येऊन बघू का, असं विचारा. नाही म्हणाला तर घोडा त्याच दिवशी परत आणा. ताबा घेताना आपला डॉक्टर सोबत ठेवा, रक्ताचा नमुना तेव्हाच घ्यायला लावा, आणि उरलेले पैसे आठवडाभर घोडा वापरून पाहिल्यावरच द्या.

मी पोलिसांत तक्रार दिली आहे. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे, जनावराला अपायकारक औषध देण्यासाठी 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा. तुमच्या घोड्याचंही असंच झालं असेल तर व्हिडिओ आणि पैसे पाठवल्याच्या नोंदी पुसू नका, तक्रारीला जोडा.