एका जिल्हा आवृत्तीची तीन महिन्यांची वर्गणी

पत्रकारितेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी, घरच्या पत्त्यावर, एका मराठी दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीची तीन महिन्यांची वर्गणी भरली आणि एप्रिल ते जून या काळातला प्रत्येक अंक हातात पेन्सिल घेऊन वाचला. दैनिकाचे नाव मी येथे देत नाही, कारण ज्या चुकीविषयी प्रामुख्याने लिहायचे आहे तिच्याबद्दल संपादकांचे म्हणणे अद्याप माझ्याकडे आलेले नाही आणि दुसरी बाजू ऐकल्याशिवाय कोणाचे नाव छापू नये, हे मला वर्गात पहिल्याच सत्रात शिकवले गेले आहे.

अंक सकाळी साडेसहाच्या आत दारात येतो, छपाई स्वच्छ आहे, आणि बाजारभाव व एसटीच्या वेळापत्रकातले बदल यांसाठी आमच्या घरी आता दुसरे काही पाहावे लागत नाही.

या आवृत्तीचे सर्वांत चांगले काम मला टँकरच्या बातम्यांत दिसले. मे महिन्यात एका वाडीवर दिवसाला चार खेपा होत असल्याची नोंद कागदावर होती. वार्ताहर पहाटेपासून अंधार पडेपर्यंत पाणी भरण्याच्या विहिरीजवळ बसून राहिला आणि त्याला दोनच खेपा दिसल्या. त्याने दोन्ही खेपांच्या वेळा दिल्या, टँकर विहिरीत रिता होताच घागरी घेऊन धावलेल्या बायकांशी तो बोलला, आणि गटविकास अधिकाऱ्यांचा खुलासा त्याच बातमीत, त्याच पानावर, कापाकापी न करता छापला. आठ दिवसांनी तो पुन्हा त्या वाडीवर गेला आणि तिसरी खेप सुरू झाल्याचेही त्याने तितक्याच जागेत लिहिले. तक्रारीची बातमी चार कॉलमांत आणि सुधारणेची दोन ओळींत, ही आपल्याकडची नेहमीची रीत त्याने मोडली, याचे मला फार अप्रूप वाटले.

त्याच महिन्यात पाचव्या पानाच्या तळाशी एका अल्पवयीन मुलीवरील अत्याचाराची एक कॉलमी बातमी आली. मुलीचे नाव बदलले होते आणि तसे कंसात नमूदही केले होते. मात्र गाव, तिची इयत्ता, वडिलांचा व्यवसाय आणि घर कोठे आहे याची खूण, असे सगळे पहिल्या दोन वाक्यांतच होते. आईने चहा घेता घेता ती बातमी वाचायला घेतली, दुसऱ्या वाक्याशी थांबली आणि अंक घडी घालून बाजूला ठेवला. मुलगी कोणाची, हे तिला कळले होते. आमच्या भागातल्या ज्या ज्या घरात तो अंक गेला, त्या बहुतेक घरांत ते कळले असणार. बदललेल्या नावाने त्या मुलीचे कोणते रक्षण झाले, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

याबाबत कायद्यात संदिग्धता नाही. बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार बालकाचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाची माहिती, शाळा, शेजार किंवा ओळख पटू शकेल असा कोणताही तपशील विशेष न्यायालयाच्या परवानगीवाचून प्रसिद्ध करता येत नाही, आणि त्याची जबाबदारी वार्ताहराबरोबर प्रकाशक व मालक यांच्यावरही येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निपुण सक्सेना प्रकरणात हेच अधिक स्पष्ट केले : नाव गाळणे पुरेसे नाही, ओळख कोणत्याही वाटेने उघड होता कामा नये.

मी कार्यालयात फोन केला. पलीकडचे उपसंपादक सौजन्याने बोलले. “ताई, पोलिसांच्या प्रेसनोटमध्येच होतं ते सगळं,” असे त्यांनी सांगितले, आणि ते खरेच असेल. गेल्या वर्षी इंटर्नशिपच्या काळात मी रात्रीच्या डेस्कवर बसले आहे. पाने छपाईला सोडण्याची वेळ जवळ आलेली असते, तालुक्यांतून आलेल्या कॉपीचा, म्हणजे बातम्यांच्या मजकुराचा, ढीग पडलेला असतो, आणि ती पाठवणाऱ्या कित्येक वार्ताहरांना नाममात्र मानधनावर बातमीसोबत जाहिरातीही गोळा कराव्या लागतात. ही ओढाताण मी पाहिली आहे. तरीही प्रेसनोट हा कच्चा माल आहे आणि त्यातले काय छापायचे हे ठरवण्यासाठीच डेस्क असतो, यावर मी ठाम आहे. पोलिसांनी चूक केली म्हणून ती हजारो प्रतींत छापण्याची मुभा कोणाला मिळत नाही. शिवाय कागदी अंक महिनाअखेरीस रद्दीत जातो. ई-पेपरचे कात्रण मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत राहते, आणि हे लिहीत असताना ते पान ई-पेपरवर जसेच्या तसे आहे.

शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांतही सुधारणेला जागा आहे. वृत्तपत्रांच्या आचारावर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या मार्गदर्शक सूचनांत आत्महत्येच्या पद्धतीचे वर्णन करू नये असे म्हटले आहे, आणि येथे एका बातमीत कीटकनाशकाचे नावसुद्धा होते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक अशा बातमीखाली छापायला एक ओळ पुरते. तीन महिन्यांत ती ओळ मला एकदाही दिसली नाही.

नेत्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्यांवर ‘जाहिरात’ हा शब्द ठळक हवा. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा प्रश्न ज्या राज्यातून देशभर गेला, तेथील वाचकाला बातमी आणि जाहिरात यांतली रेघ स्पष्ट दिसलीच पाहिजे.

मी पाचपैकी तीन गुण देते, आणि ते तिन्ही टँकरच्या बातम्यांचे आहेत. संपादकांना मी नोंदणीकृत टपालाने पत्र पाठवले असून त्यात दोनच मागण्या केल्या आहेत : ई-पेपरवरून तो मजकूर काढावा, आणि यापुढे अशा बातम्यांची कॉपी वरिष्ठांच्या नजरेखालून गेल्याशिवाय पानावर लागू नये. दुरुस्तीची चौकट मी मागितलेली नाही, कारण तिच्यामुळे त्या घराकडे पुन्हा बोट दाखवले जाईल. प्रेस कौन्सिलकडे जाण्याआधी संपादकांना लिहावे लागते आणि दैनिकाबाबतची तक्रार प्रसिद्धीपासून दोन महिन्यांच्या आत करावी लागते. त्या मुदतीचे एकोणीस दिवस उरले आहेत. वर्गणीचे नूतनीकरण मी तोवर थांबवले आहे.