जेजे की रुरकी? आर्किटेक्चरला निघालेल्यांसाठी

बी.आर्क., म्हणजे आर्किटेक्चरची पदवी, मुंबईच्या सर जेजेत आणि आयआयटी रुरकीत, दोन्हीकडे पाच वर्षांची. पदवीनंतर कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी होते, तीही सारखीच. त्यामुळे ‘कुणाची पदवी भारी’ हा वाद नातेवाइकांवर सोडून द्या. खरा फरक घराण्याचा आहे. मुंबईचं जेजे चित्रशाळेच्या पोटी जन्मलं, रुरकी कालव्याच्या कामावर.

जेजेची कलाशाळा १८५७ची. आर्किटेक्चरचे विद्यार्थी आजही चित्रकला आणि उपयोजित कलेच्या शेजारी शिकतात, आणि माझ्या मते निम्मं शिक्षण त्या शेजारातच होतं. उरलेलं फाटकाबाहेर. क्रॉफर्ड मार्केटवरची शिल्पं इथेच शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंग यांची. सीएसएमटीच्या दगडी कोरीवकामात इथल्या विद्यार्थ्यांचा हात होता. मेजर्ड ड्रॉइंगला, म्हणजे उभ्या इमारतीची मापं घेऊन ती कागदावर उतरवायला, टेप आणि वही घेऊन निघालात की आधी गॉथिक शैलीच्या इमारती लागतात, ओव्हल मैदानापाशी पोचेपर्यंत आर्ट डेको शैलीच्या. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचं मूळही १९१७मधल्या इथल्या विद्यार्थी संघटनेत आहे. नामवंत आर्किटेक्ट, पुण्याचे बाळकृष्ण दोशी शिकायला आले ते इथेच.

पण घर ठाणे-डोंबिवलीला असेल तर सबमिशनच्या सकाळी सनबोर्डचं मॉडेल घेऊन लोकलमध्ये चढून दाखवा. मालडबा गाठायचा, मॉडेल डोक्यावर धरायचं, आणि ज्युरीआधी, म्हणजे परीक्षकांना काम दाखवण्याआधी, कोपऱ्यात बसून उखडलेल्या भिंती फेव्हिक्विकने चिकटवायच्या.

रुरकीत हा त्रास नाही. हॉस्टेलमधून स्टुडिओत चालत जायचं. कॉलेज १८४७ मध्ये निघालं ते गंगा कालव्यासाठी इंजिनिअर हवे होते म्हणून. तो कालवा सोलानी नदीवरून नेणारा जलसेतू अजून गावाजवळ उभा आहे. आयआयटीचा शिक्का २००१चा. भूकंप अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आवारात आणि केंद्रीय भवन अनुसंधान संस्था त्याच गावात, त्यामुळे ‘ही इमारत उभी कशी राहते’ हा प्रश्न छळत असेल तर जागा हीच. मात्र गाव लहान आहे. संध्याकाळी प्रदर्शन किंवा एखाद्या आर्किटेक्टचं ऑफिस गाठू म्हटलं, तर मुंबईची सोय तिथे नाही.

प्रवेशाचं गणित नीट समजून घ्या. रुरकीला जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पार करून वर एएटी, म्हणजे आर्किटेक्चरची कलचाचणी, द्यावी लागते. एएटीत फक्त उत्तीर्ण व्हायचं असतं. जागा मिळते ती अ‍ॅडव्हान्स्डच्या क्रमांकावर. म्हणजे चित्र कितीही देखणं काढलं तरी क्रमांक वर सरकत नाही. हात चांगला असलेल्या मुलांवर हा अन्यायच आहे, असं मला वाटतं. नाटा या आर्किटेक्चरच्या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेत तसं नाही: सध्याच्या नमुन्यात २०० पैकी ८० गुण ड्रॉइंगचे. जेजेला आजवर नाटा किंवा जेईई मेनचा आर्किटेक्चरसाठीचा पेपर २ चालत आलाय. मात्र २०२३ मध्ये संस्था अभिमत विद्यापीठ झाली, तेव्हा प्रवेश आणि शुल्काबाबत सीनिअर काय सांगतात त्यावर विसंबू नका, यंदाची सूचना वाचा.

स्केचबुक भरत असेल आणि महाराष्ट्रातच काम करायचं असेल, तर मी जेजे म्हणेन. अ‍ॅडव्हान्स्डची तयारी मनापासून चालली असेल तर रुरकी. फक्त ‘आयआयटीत शिरू, मग ब्रँच बदलू’ या हिशेबाने जाऊ नका. अजून ठरत नसेल तर अकरावीत केमिस्ट्री सोडू नका, रुरकीच्या वाटेवर ती लागते. गणित आणि फिजिक्स दोन्हीकडे लागतंच.