एनडीए की ओटीए? आर्मीत जायचंय अशा मुलींसाठी

बारावीनंतर एनडीए (नॅशनल डिफेन्स अकॅडमी) ची परीक्षा द्यायची का ग्रॅज्युएशन करून सीडीएस (कम्बाइंड डिफेन्स सर्व्हिसेस) परीक्षेतून ओटीए (ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी), हा प्रश्न हल्ली खूप मुली विचारतात. माझं स्पष्ट मत, वय बसत असेल तर आधी एनडीए. 2021 ला सुप्रीम कोर्टाने मुलींसाठी दार उघडलं आणि मे 2025 मध्ये खडकवासल्याच्या एनडीएतून 17 मुलींची पहिली बॅच पास आऊट झाली, खरंच अभिमान वाटतो! तिथे 3 वर्षं, मग आर्मीवाल्यांना अजून 1 वर्ष अकॅडमी, डिग्री हातात आणि थेट परमनंट कमिशन (म्हणजे निवृत्तीपर्यंत ऑफिसरची नोकरी). पण मुलींना जागा फार कमी, वय साडेसोळा ते साडेएकोणीस, आणि मॅथ्सचा 300 मार्कांचा पेपर, तिथेच आर्ट्सवाल्या घाबरतात (आर्मीला कुठलीही साईड चालते बरं का, एअरफोर्स नेव्हीला मात्र फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्स लागतं).

ओटीएला मॅथ्स नाही, इंग्लिश आणि जीके फक्त. चेन्नईला 49 आठवडे ट्रेनिंग, मग 10 वर्षं शॉर्ट सर्व्हिस (ठराविक वर्षांचीच नोकरी), पुढे 4 वाढवता येतात, परमनंटसाठी विचार होतो पण गॅरंटी नाही, तिशी पस्तिशीत बाहेर पडायचं असेल तर तेही डोक्यात ठेवा.

लेखी परीक्षेनंतरची एसएसबी (ऑफिसर निवडीच्या चाचण्या आणि मुलाखत) दोन्हीकडे 5 दिवसांचीच. ग्रुप डिस्कशनमध्ये गप्प बसणाऱ्या हुशार मुली तिथेच मागे पडतात, म्हणून कॉलेजात एनसीसी घ्या, चारचौघांत बोलायची सवय आत्तापासून लावा. आणि आईबाबांनो, "लग्नाचं काय" हे तिला आत्ताच विचारू नका प्लीज.