भाकरी केंद्राची कडक भाकरी : वर्षभर रात्रीचं जेवण यावरच चाललंय

आमच्याकडं दोघंही नोकरीला. मिसेस नर्स आहे, तिची शिफ्ट ड्युटी, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट बघतो, घरी पोचायला सव्वासात, आणि धाकटा चार वर्षांचा आहे तो साडेआठला डोळे मिटायला लागतो. म्हणजे हातात तास पण नाही. तेवढ्यात आमटी भाजी होते हो, भाकरी होत नाही. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो, आधणाचं पाणी घालून पीठ मळायचं, एकेक थापायची, तव्यावर पाणी फिरवायचं, आणि एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असताना ते सगळं गॅसपुढं उभं राहून. आईनं सगळं आयुष्य केलं ते, मी शिकलो पण, पण रोज शक्य नाही.

म्हणून मागच्या वर्षीपासून जुळे सोलापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी चार बायका मिळून भाकरी केंद्र चालवतात तिथून घेतोय. छोटं आहे, बोर्ड पण धड नाही. मऊ भाकरी १५ रुपये, कडक भाकरीचं दहाचं पाकीट १०० रुपये, शेंगाचटणी पाव किलो ९० रुपये. ज्वारी मंगळवेढ्याची, मालदांडी जातीची आणतात असं केंद्रातल्या अक्का सांगतात (मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय), आणि चवीला गोडसर लागते त्यामुळं मला ते पटतं.

मऊ भाकरी चांगली आहे पण ती त्याच रात्री खायची, सकाळपर्यंत वातड होते. खरी कामाची गोष्ट कडक भाकरी. पातळ थापतात, भाजून झाली की मंद आचेवर ठेवून आतलं पाणी पार घालवतात, त्यामुळं पापडासारखी होते आणि घट्ट झाकणाच्या डब्यात महिनाभर आरामात टिकते. आमच्याकडं दोन पाकिटं कायम असतात. कुणाची गाडी लेट झाली, पाहुणे आले, गॅस संपला, तरी घरात भाकरी आहे हे माहीत असतं, आणि त्या एका गोष्टीनं संध्याकाळची धावपळ किती कमी झाली ते शब्दात सांगता येत नाही.

आता याच्यासोबत काय करायचं. आमच्या घरी सगळ्यात जास्त होते ती शेंगाची आमटी. भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट रविवारीच करून ठेवतो. तेलात जिरं, ठेचलेला लसूण, काळं तिखट, त्यात कूट पाण्यात कालवून ओतायचं, मीठ, थोडा चिंचेचा कोळ, दोन चांगल्या उकळ्या आल्या आणि वर तेलाचा तवंग दिसला की झालं. पंधरा मिनिटं. ताटात कडक भाकरी चुरायची, वरून गरम आमटी ओतायची, दोन मिनिटं भिजू द्यायची, बाजूला कच्चा कांदा. थोरली पोळीला नाक मुरडते पण हे दोनदा मागून घेते. धाकट्यासाठी तिखट घालायच्या आधीच वाटीभर बाजूला काढतो, नाहीतर दही आणि भाकरीचा चुरा, नाहीतर तूप-गूळ.

दुसरं म्हणजे डाळकांदा. हरभऱ्याची डाळ मी सकाळी निघताना भिजवून फ्रीजमध्ये ठेवतो, बाहेर ठेवली तर उन्हाळ्यात आंबते, एकदा सगळी टाकून द्यावी लागली. संध्याकाळी भरपूर कांदा परतायचा, डाळ, तिखट, हळद, पाणी बेतानं, कुकरला दोन शिट्ट्या. डाळ अख्खी राहिली पाहिजे, पिठलं व्हायला नको.

खर्चाचं सांगतो कारण आमच्यासाठी तो मुद्दा मोठा आहे. चौघांना मिळून पाच-सहा कडक भाकरी, आमटी, कांदा, दही धरून शंभर-सव्वाशेत पोटभर जेवण होतं. हॉटेलातनं पार्सल आणलं तर चारशेच्या खाली बिल येत नाही आणि मुलांना रात्री पाणी पाणी होतं. पूर्वी आम्ही आठवड्यात तीनदा पार्सल आणायचो, आता महिन्यातनं एखाद्या वेळी.

तक्रारी पण आहेत. पावसाळ्यात एक पाकीट मऊ पडलेलं निघालं, सील नीट बसलं नव्हतं, सांगितल्यावर अक्कांनी काही न बोलता बदलून दिलं, तरी पाकिटावर केल्याची तारीख टाकायला पाहिजे, ती अजून टाकत नाहीत. तळातल्या दोन-तीन तुटलेल्या असतात, चुरूनच खायच्या असल्यानं मला चालतं. शेंगाचटणी उखळात कुटलेली, तेल सुटलेली, चव एकदम घरची, पण तिखट जास्त आहे, लहान मुलांना नुसती देऊ नका, दह्यात कालवून द्या. कमी तिखटाची वेगळी करा म्हणून मी दोनदा सांगितलंय, आणि परत सांगणार आहे, कारण डब्याला पण ती न्यायची मुलीची लई इच्छा आहे.

ज्यांच्या घरी दोघंही कामाला जातात त्यांनी नक्की घेऊन बघा. साडेसातनंतर गेलात तर मऊ भाकरी संपलेल्या असतात, कडक मिळतात. सुटे पैसे ठेवा, आणि चटणीला घरनं डबा न्या, पिशवीतनं तेल गळतं.