व्हीजीटी टर्बोवाली डिझेल, ११ महिने, गुहागर-चिपळूण-कुंभार्ली: वापरानंतरचा अनुभव

गाडी कुठली ते मुद्दाम लिहीत नाय, नायतर खाली कंपनीवरून भांडणं सुरू होतात आणि विषय राहतो बाजूला. सात सीटर डिझेल, व्हीजीटी टर्बोची (टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, व्हीजीटी म्हणजे व्हेरिएबल जॉमेट्री, धुराची वाट लहान-मोठी करणारा), सेकंडहँड, मागच्या जुलैत ४७ हजार किमीला घेतली, आता ६१ हजार झालेत. आधीची गाडी पण टर्बो डिझेलच, पण साधा वेस्टगेटवाला टर्बो, त्यामुळे फरक अगदी पायाला कळतो.

आधी चांगलं सांगतो. जुन्या गाडीत कुंभार्ली घाटाच्या वळणावर दुसऱ्या गिअरात आरपीएम १५०० च्या खाली गेला की संपलं, एक्सलेटर पूर्ण दाबा तरी गाडी नुसती घुरघुरायची, मग पहिला टाकायचा, मागचा एसटीवाला हॉर्न मारतोय, आपण घामाघूम. या गाडीत त्याच वळणावर तेवढ्याच आरपीएमला हलका पाय दिला तरी उचलते. पहिल्यांदा पायथ्याच्या पोफळीवरून वर चढलो तेव्हा बायको म्हणाली, आज काय घाट सपाट केलान काय कोणी.

हे कशामुळे होतं ते आमच्या आगरातल्या पाटावरून समजवतो. पाटाला पाणी कमी असलं की आपण दोन दगड लावून वाट अरुंद करतो, पाणी तेवढंच पण धार जोरात जाते. व्हीजीटीत टर्बाईनच्या (धुराने फिरणाऱ्या) चाकाभोवती गोल अशी बारीक पाती बसवलेली असतात, सगळी एका रिंगला जोडलेली, रिंग फिरली की सगळी एकदम फिरतात. इंजिन हळू असताना धूर कमी, तेव्हा पाती मिटतात, फट अरुंद होते, धूर जोरात आणि बरोबर तिरका चाकावर आदळतो म्हणून चाक लवकर पळायला लागतं. आरपीएम वाढला, धूर भरपूर झाला की पाती उघडतात, नायतर मागे धुराचा दाब तुंबेल आणि बूस्ट (इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब) मर्यादेबाहेर जाईल. साध्या टर्बोत हे नाय, तिथे चाकाचं घर एकाच मापाचं, जास्तीचा धूर वेस्टगेटच्या झडपेतून बाजूने काढून देतात. ट्रकात तर हीच पाती मिटवून एक्झॉस्ट ब्रेकला मदत घेतात. पेट्रोलला हे सहसा दिसत नाय कारण पेट्रोलचा धूर हजार डिग्रीच्या आसपास जातो, डिझेलचा साधारण ८०० ते ८५०, एवढ्या आचेत हलणारी पाती टिकवायला भारी धातू लागतो. पोर्शेने २००६ च्या ९११ टर्बोत करून दाखवलं, पण ती गाडी आणि आपला खिसा, असो.

आता वाईट. एप्रिलात आंब्याच्या १५ पेट्या आणि चार माणसं घेऊन कराडला निघालो. पोफळी सोडून अर्धा घाट चढलो, तिसऱ्या गिअरात जरा पाय दाबला, आरपीएम ३००० च्या जवळ, आणि एकदम कोणीतरी मागून दोरी ओढल्यासारखी गाडी बसली. इंजिनाचा पिवळा दिवा, पिकअप गेला, २० च्या स्पीडने रांगतोय. कडेला घेऊन चावी बंद केली, दोन मिनिटांनी चालू केली तर सगळं नॉर्मल! मी म्हटलं चला, देवाची कृपा. एक किमीवर परत तेच. असं पाच वेळा करत माथ्यावर पोचलो, गाडीत आंब्याचा वास आणि कोणी बोलत नाय.

परत आल्यावर स्कॅनर लावला, कोड पी०२३४, म्हणजे ओव्हरबूस्ट, बूस्ट मर्यादेबाहेर गेला म्हणून इंजिन वाचवायला गाडीने स्वतःच ताकद कमी केलेली. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये (नाव नाय लिहीत) टर्बो आख्खा बदला म्हणाले, ६८ हजार. हात न लावता! मग आमच्या चिपळूणच्या मेकॅनिककडे नेली. त्याने पाच मिनिटांत दाखवलं. व्हॅक्यूमचा बारीक पाईप काढून तिथे हातपंप लावला आणि हवा ओढत गेला, ॲक्च्युएटरची (पाती फिरवणाऱ्या डबीची) दांडी एका दमात आत यायला हवी, ती अर्ध्यावर अडकली, मग खट्कन सुटली. व्हॅक्यूम सोडला तर परत जाताना पण तशीच अडकली. “भाऊ, टर्बो मेला नाय, जाम झालाय. पाती मिटतात पण उघडायची वेळ आली की अडतात.”

टर्बो उतरवून खोलला तेव्हा मी बाजूलाच उभा होतो. रिंगच्या खाचांत काजळी अशी बसलेली की तव्याची काट खरवडतोय असं वाटत होतं, वर दांडीच्या सांध्याला गंज, आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर त्यामुळे ते काय नवल नाय. चाकाला आणि शाफ्टला काय नव्हतं. सगळं साफ, नवीन गॅस्केट, मजुरी धरून ९ हजार ४००. त्याने एक गोष्ट बजावली ती इथे मुद्दाम लिहितो, पाती किती मिटायची ते ठरवणारा छोटा स्टॉप स्क्रू असतो, त्याला कोणालाही हात लावू देऊ नका, तो कारखान्यात मशीनवर सेट केलेला असतो. आणि ज्यांच्या गाडीत इलेक्ट्रिक ॲक्च्युएटर आहे त्यांचा काढून परत बसवला की स्कॅनरने सेटिंग शिकवावं लागतं.

मग त्याने विचारलं गाडी रोज कोण चालवतं. आमचे बाबा. गुहागर ते शृंगारतळी, बाजार, बँक, परत. आणि बाबांचा अभिमान असा की चौथ्या गिअरात १२०० आरपीएमवर गाडी चालवून डिझेल वाचवतो. झालं ना! इंजिन कधी नीट तापत नाय, काजळी जास्त, आणि पाती महिनोन् महिने मिटलेल्याच, उघडायची पाळीच येत नाय, मग त्या जागेवरच काजळी धरते.

तेव्हापासून आठवड्यातून एकदा चिपळूणपर्यंत इंजिन गरम झाल्यावर २५०० ते ३००० वर पंधरा-वीस मिनिटं ठेवतो, घाट चढून थांबलो की मिनिटभर आयडलवर सोडून मग बंद, ऑईल वेळेवर. बाजारात मिळतात ते सफाईचे स्प्रे मी मारले नाय, एवढी काट स्प्रेने निघेल असं ती बघितल्यावर वाटत नाय. घरच्या घरी एक बघता येतं, बोनेट उघडून कोणालातरी गाडी चालू-बंद करायला सांगा, व्हॅक्यूमवाल्या बऱ्याच गाड्यांत दांडी आत जाते आणि सुटते, अडखळली तर समजा.

मायलेज १४.५ चं साफ केल्यावर १५.८ झालं, हे बाबांना दाखवलं. वहीत लिहून घेतलं, काय बोलले नाय. गेल्या रविवारी मासळी आणायला त्यांच्या बाजूला बसून गेलो तर मोडका आगरच्या चढावर स्वतःहून तिसरा टाकलान, टर्बोची शिट्टी आली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “आवाज करत्येय हां पण.”